पष्टे सरांची उभी जीप

पष्टे सरांबरोबर चहा प्यायला बसायचं असेल तर घरी सांगून निघावं. जेवणासाठी खोळंबू नका, म्हणावं.

आधी ते कपाकडे बघतात. मग दोन्ही तळव्यांत कप धरून डोळे मिटतात. मग वाफ नाकाशी घेतात, आणि चेहऱ्यावर असं काही सुख पसरतं की शेजारच्याला वाटावं, यांच्या चहात टपरीवाल्याने आपल्यापेक्षा जास्त काहीतरी घातलंय. मग एक घोट. तो खाली उतरला, की पुन्हा कपाकडे बघणं. मुरबाडच्या स्टँडसमोरच्या टपरीवाल्याने काही दिवस सोसलं. मग म्हणाला, "सर, तुमी कप अडकवून ठेवता. माझा धंदा बसंल." शेवटी त्याने सरांसाठी कान तुटलेला एक कप बाजूला काढून ठेवला. सर त्यावरही खूश. "कान नाही त्यामुळे कप नीट धरावा लागतो," म्हणाले. "लक्ष राहतं."

मी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसतो. माझा स्वभाव म्हणजे शिट्टी व्हायच्या बेतात आलेला कुकर. रांगेतल्या माणसाने नाव सांगायला वेळ लावला तरी माझा आवाज चढतो. अशा माणसाच्या शेजारच्या खोलीत पष्टे सर समुपदेशक म्हणून आले, हा माझ्या नशिबाचा विनोद. सर मूळचे शहापूरकडचे. पन्नाशी उलटलेली, उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायचे, बस चुकल्यासारखं.

मनाच्या दुखण्याला आमच्याकडे कुणी नाव देत नाही. माणूस खिडकीशी येतो, इकडेतिकडे बघतो. मी विचारतो, "काय होतंय?" तो म्हणतो, "होत काय नाय. जरा श्वास घ्यायला आलोय." म्हणजे पष्टे सरांकडे. सगळा तालुका त्यांना 'श्वासवाले सर' म्हणतो.

सरांच्या खोलीत एक चटई, दोन खुर्च्या आणि एक खिडकी. खिडकीबाहेर जांभळाचं झाड, आणि थंडीच्या दिवसांत त्याच्याही पलीकडे, धुकं विरत आलं की निळसर सिद्धगड. सर माणसाला आधी काही विचारतच नाहीत. बसवतात. पाय जमिनीला टेकवायला लावतात. "पाय कुठे आहेत?" विचारतात. माणूस खाली बघतो, असतातच. मग श्वास कुठून येतो, कुठे जातो, ते बघायचं. मन उंडारलं की रागवायचं नाही, वासराला आणतात तसं परत आणायचं. मग माणूस हळूहळू बोलायला लागतो. मधूनमधून त्यांचं एकच पालुपद: "आहे ना? मग असू दे."

या 'असू दे'ने एकदा घोटाळा झाला होता. धसईकडच्या एक बाई जावयाच्या दारूपायी झोप उडालेल्या. सर म्हणाले, "राग आहे ना? मग असू दे." बाई ताडकन उठल्या. "असू दे कसा? तुमची पोर दिली असती त्याला, तर म्हटला असता का असू दे?" आवाज माझ्या खिडकीपर्यंत आला. सर शांतपणे म्हणाले, "जावयाला नाही हो म्हटलं. रागाला म्हटलं. आधी रागाला बसू द्या, मग जावयाला उभा करू." बाई बसल्या. पुढे जावईही त्याच चटईवर येऊन बसला, हे मी डोळ्यांनी बघितलं. दुखणं जास्त असलं तर सर स्वतः माणसाला मॅडम डॉक्टरांच्या खोलीत सोडून येत. "श्वास औषधाच्या शेजारी बसतो," म्हणायचे, "त्याच्या खुर्चीत नाही."

सरांना हे काम शिकवताना म्हणे बेदाणा दिला होता. एक बेदाणा घ्यायचा, बघायचा, हुंगायचा, मग सावकाश चावायचा. आमच्याकडे बेदाणा दिसतो तो सत्यनारायणाच्या शिऱ्यात, आणि तोही दिसेपर्यंत पोटात गेलेला असतो. म्हणून सरांनी करवंद घेतलं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरची एक बाई, नवरा गेल्यापासून जेवण तुटलेली, सरांनी तिच्या तळहातावर एक करवंद ठेवलं आणि म्हणाले, बघत राहा. ती बघत राहिली. करवंदाकडे थोडं आणि सरांकडे जास्त. शेवटी कळवळून म्हणाली, "सर, तुमाला करवंदा मिळत नाय का?" दुसऱ्या दिवशी पाटीभर करवंदं घेऊन हजर. सगळ्या दवाखान्याचे दात जांभळे झाले. पण आपण आणलेली करवंदं सर कसे एकेक करून खातात, ते बघत ती समोर बसली आणि तिनेही खाल्ली. सर त्याला उपचारच म्हणत.

आणि ते निजवून शरीर बघायला लावायचं! पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून लक्ष हळूहळू डोक्यापर्यंत न्यायचं. सरांचा आवाज म्हणजे दुपारच्या वेळी लांबून येणारा पिठाच्या गिरणीचा. लावणी-कापणीने थकलेली माणसं पोटऱ्यांपर्यंत जागी असत, गुडघ्याशी घोरू लागत. माझ्या माहितीत गुडघ्याच्या वर कुणी पोचलेलं नाही. सर उठवत नसत. खिडकीचं दार ओढून घेत आणि शेजारी बसून राहत. पुढचा माणूस रांगेत कंटाळून माझ्यावर डाफरे, मी सरांवर डाफरायला आत जाई, आणि ती सावली, तो संथ घोरण्याचा आवाज आणि मांडीवर हात ठेवून बसलेले सर बघून, कशाला आलो होतो तेच विसरून परत येई.

"विचार म्हणजे स्टँडवरच्या गाड्या," असं ते समजावत. "येऊ द्यायच्या, जाऊ द्यायच्या. प्रत्येकीत चढायचं नाही." त्यावर एक म्हातारे म्हणाले होते, "सर, आमच्या गावाला एकच येष्टी येते. ती सोडली तं उंद्याच." सर खूप हसले.

आता माझ्या वहिनीचं सांगतो. मोठ्या भावाची बायको. आम्ही मुरबाडला लागूनच राहतो, एकाच अंगणात. पावसाळ्यात ती बसलेली भाड्याची जीप मोरीवरून घसरून भातखाचरात कलंडली. चिखलात पडली म्हणून कुणाला फार लागलं नाही. वहिनीच्या बांगड्या फुटल्या, तेवढंच. पण त्यानंतर चाक फिरायला लागलं की तिचा श्वास कोंडायचा, हात बधिर व्हायचे, डोळे पांढरे. जीप नाही, एसटी नाही, माझी मोटरसायकलही नाही. आणि कल्याणला तिची एकुलती एक जयू, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण जयूचं रक्तदाबाचं काहीतरी झालं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला. जयूच्या घरात सासू नाही. लेकीने यायचं नाही, आईला जाता येत नाही. मुरबाडला रेल्वे नाही, चाकाशिवाय कल्याण नाही. "म्हशीवर बसवून नेऊ का?" दादा चिडून म्हणाला. वहिनी पदरात तोंड घालून रडली. मला फार वाईट वाटलं. मी तिला चालत सरांकडे नेलं.

सरांनी घाई केली नाही. माझा कुकर आतून धुमसत होता. काही दिवस नुसते पाय जमिनीला. मग तिघांनी स्टँडवर जाऊन लांबून जीपा बघायच्या. मग जवळ जाऊन पत्र्याला हात लावायचा. "भीती आली का, ताई?" "आली." "असू दे. हात काढू नका." बघणाऱ्यांना वाटे, ही मंडळी जीप विकत घेणार.

मग सर म्हणाले, आता उभ्या जीपमध्ये नुसतं बसायचं. गाडी हलणार नाही, माझा शब्द. सकाळचं कोवळं ऊन होतं. रांगेत मागे उभ्या असलेल्या रिकाम्या जीपशी एकजण टेकून उभा होता, त्याला सरांनी सांगितलं, "जरा बसतो, कुठे जायचं नाही." त्याने मान हलवली. आम्ही बसलो. वहिनी आणि सर मधल्या सीटवर, मी मागे. "डोळे मिटा," सर म्हणाले. "जे ऐकू येईल ते येऊ दे."

आता, आमच्याकडची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे सर्वांना ठाऊक. पण रिकाम्या जीपमध्ये कुणी चढतही नाही. जिथे माणसं दिसतील तिथेच लोक बसतात. ड्रायव्हर लोक म्हणून आपलीच दोन माणसं आधी बसवून ठेवतात. आम्ही तिघं म्हणजे आयतंच विरजण. एक भाजीवाली पाटीसकट चढली. कॉलेजची मुलं चढली. कुणाच्या तरी पिशवीत कोंबडी होती. "कल्याण, कल्याण, कल्याण! एक शीट, एक शीट!" "आवाज आहे ना?" सर डोळे मिटून म्हणाले. "असू दे." दार धाडकन लागलं. "असू दे." आणि सरांनी ज्याला सांगितलं होतं तो ड्रायव्हर नव्हताच. उन्हाला उभा असलेला कुणीतरी होता.

मी काय करत होतो, म्हणाल तर मलाही डोळे मिटायला सांगितलं होतं. ऊन पाठीवर, सरांचा तो आवाज. मी स्वप्नात आमच्या खळ्यावर पेंढ्यात पडलो होतो. तोंडावर वारा लागला तेव्हा जागा झालो. बाहेर वालाचे हिरवे मळे मागे पळत होते. पुढे वहिनी आणि सर, दोघांच्याही माना झोपेत कललेल्या; माझ्या धडपडीने वहिनीने डोळे उघडले.

तिने अशी किंकाळी फोडली की कोंबडीही ओरडली. सर पांढरेफटक. "थांबवा! गाडी थांबवा!" हा आवाज त्यांचा आहे हे मला पटेना. ड्रायव्हरने कडेला घेतली. वहिनी उतरून गवतात बसली, ओकली. सर तिच्यासमोर उकिडवे बसले. कुठला उपदेश नाही, काही नाही. हात जोडून म्हणाले, "ताई, मी शब्द दिला होता, तो मोडला. चला, आपण चालत परत जाऊ. मी आहे बरोबर."

जीपमधली सगळी माणसं खाली उतरून उभी. कुणी कुरकुर केली नाही. भाजीवालीने पाण्याची बाटली पुढे केली. धुकं अजून खाचरांवर लोंबकळत होतं, आणि रस्त्यावर काही वेळ काहीच आलं नाही. वहिनी पायांकडे बघत होती. गवतात चपला सुटल्या होत्या. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "भावजी, कल्यान किती ऱ्हायलं?"

"अर्ध्यावर आलोय," मी म्हणालो.

"म्हंजे मागं तेवढंच नि पुढं तेवढंच." ती उठली. "भीती हाय. पर ती घरी बसून पन व्हतीच. जयू तरी भेटंल." जीपकडे निघाली, मग वळून म्हणाली, "सर, तुमी माज्या बाजूला बसा. आन बोलू नका."

सर बसले. बोलले नाहीत. वहिनीने एका हाताने त्यांचं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्याने भाजीवालीचं. कल्याण येईपर्यंत दोघांचीही मनगटं लाल झाली.

जयूने दार उघडलं. अंगावरच्या साडीनिशी, पिशवीसुद्धा न घेता आलेली आई समोर उभी. दोघी दारातच एकमेकींना धरून रडल्या. शेजारच्या बायका जमल्या. कोपऱ्यात अवघडून उभ्या असलेल्या सरांकडे बघून एकीने विचारलं, "हे कोण?" वहिनी डोळे पुसत म्हणाली, "माजे भाऊ." इतकं सहज, जणू तिच्या माहेरच्या ओसरीवर ते लहानपणापासून बसत आलेत. जयू पोट सावरत वाकायला लागली, तर सर घाबरून दोन पावलं मागे सरले. मग तिने त्यांना वाढलं. निघताना म्हणाली, "मामा, बारशाला यायचं हां."

वहिनी तिथेच राहिली. परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत होते. मुरबाड जवळ आलं तेव्हा म्हणाले, "विलासराव, मामाने बारशाला काय न्यायचं असतं? मला कधी कुणी बोलावलं नाही, त्यामुळे माहीत नाही."

"झबलं-टोपडं," मी म्हणालो. "पण आधी घ्यायचं नाही. बाळ झाल्यावर."

दुसऱ्या दिवसापासून सर रोज सकाळी माझ्या खिडकीशी येऊ लागले. रांग असली तर रांगेत उभे राहत. नंबर आला की वाकून विचारत, "काही कळलं?" दिवसभर 'आत्ता'त राहायला शिकवणारा माणूस, पण त्याचं सगळं लक्ष कल्याणला होतं. मला हसू यायचं, पण पुरतं हसता यायचं नाही. इतकी वर्षं या माणसाने कशाची वाटच पाहिली नव्हती, कारण वाट पाहावी असं कुणी नव्हतं.

मुलगी झाली. मी खिडकीतूनच ओरडून सांगितलं. सर बाहेर पडले. जांभळाखाली जाऊन उभे राहिले, बराच वेळ. मग परत आले आणि हळूच म्हणाले, "बारशाला मामाला कुठे बसवतात हो? आत, की बाहेर?"

बारसं बायकांचं. पुरुष बाहेर बसून पेढे खातात. माझं सगळं आयुष्य तसंच गेलंय.

"पाळण्याजवळ," मी म्हणालो.

सर त्यांच्या खोलीत गेल्याची खात्री केली आणि वहिनीला फोन लावला. म्हटलं, बारशाला पाळण्याजवळ एक खुर्ची मांडून ठेव.