बारा पिल्लांची आंघोळ

सकाळी नऊ वाजता ताईने पिल्लांच्या खोलीचं दार उघडलं आणि आतून साबणाचा वास आला. डुकरांच्या खोलीतून साबणाचा वास येणं ही कधीच चांगली बातमी नसते. आत डाव्या-उजव्या दोन कप्प्यांत डुकराची बारा पिल्लं उभी होती, बाराही गुलाबी, लख्ख, नुकतीच न्हालेली, आणि त्यांच्यामागे हातात पाइप घेऊन पिल्लांची देखभाल करणारे काका उभे होते. काकांचा चेहरा पिल्लांहून जास्त चमकत होता.

"मॅडम येणार ना आज," काका म्हणाले. "म्हटलं, पोरं जरा माणसात दिसू देत."

ताईने भिंतीला हात टेकला. संशोधन केंद्रात सगळेच तिला ताई म्हणत, तिच्या दुप्पट वयाचे काकासुद्धा. पीएचडीची चार वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती. आतड्यात रोगाचे जंतू शिरले की तिथल्या पेशींमधली कोणती जनुकं जागी होतात आणि कोणती गुपचूप झोपतात, हे तिला डुकरांमध्ये शोधायचं होतं. त्यासाठी सहा पिल्लांना दोन दिवसांपूर्वी जंतूंचा डोस दिलेला होता आणि सहांना साधं पाणी. आजाऱ्यांच्या पाठीवर निळ्या मार्करची रेघ, धडधाकटांच्या पाठीवर लाल. कानात बिल्ले टोचायला ताईनेच मनाई केली होती, कारण कान टोचला की अंगाला सूज येते, आणि सूज आली की नको ती जनुकं उगाच आरडाओरडा करतात.

आता ना निळी रेघ होती ना लाल.

"काका, डावीकडच्या कप्प्यातली डावीकडेच परत सोडलीत ना?" तिने शेवटच्या आशेने विचारलं.

काका म्हणाले की, आंघोळ सगळ्यांची अंगणात एकत्रच झाली, आणि नंतर त्यांनी अगदी मोजून सहा इकडे, सहा तिकडे सोडली. मोजण्यात चूक नाही. या शेवटच्या वाक्यावर त्यांनी विशेष भर दिला.

ताईने घड्याळाकडे पाहिलं. दुर्बिणीचा डॉक्टर अकरा वाजता येणार होता. तोंडातून बारीक नळी घालून आतड्याच्या अस्तराचा कणभर तुकडा काढणारा तो एकटाच, आणि तो महिन्यातून एकदाच उगवायचा. आजचा मुहूर्त हुकला तर मॅडम सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला लावणार, म्हणजे आणखी एक अख्खं वर्ष. आणि घरी आईने तर पोरगी या महिन्यात डॉक्टर होऊन परत येणार म्हणून समस्त नातेवाइकांना कळवून टाकलं होतं. (डुकरांचा उल्लेख टाळून. आईच्या आवृत्तीत ताई 'पोटाच्या विकारांवर' काम करत होती.)

काका म्हणाले, घाबरायचं कारण नाही, ते एकेकाला स्वभावावरून ओळखतात. हा भित्रा, हा खादाड, ही भांडकुदळ. त्यांनी भराभर बोटं दाखवली, ताईने भराभर लिहून घेतलं, आणि यादी पूर्ण झाली तेव्हा आजारी सात होते, धडधाकट सहा, आणि उजवीकडचं एक पिल्लू दोन्ही याद्यांत होतं.

मग खाण्याची परीक्षा झाली. आजारी पिल्लू खात नाही, हे काकांचं म्हणणं. दोन्ही कप्प्यांत घमेली ठेवली. बाराही पिल्लं अशी तुटून पडली की काकांची एक चप्पल कायमची गेली.

उरला शेवटचा उपाय. जंतू पोटात गेलेल्यांना जुलाब होणारच. ताई डावीकडे वही घेऊन बसली, काका उजवीकडे. चार वर्षांच्या उच्च शिक्षणानंतर ताई सहा डुकरांच्या शेपट्यांकडे टक लावून बसली होती, आणि सहाही डुकरं तिच्याकडे टक लावून उभी होती. अर्धा तास गेला. कोणी काही केलं नाही.

"आंघोळीला घाबरून सगळ्यांचं तिथेच उरकलंय, ताई," पलीकडून काकांचा आवाज आला. "पण काळजी नको, तेही मी धुऊन टाकलंय."

त्याच वेळी दारात दुर्बिणीचा डॉक्टर आला, आणि त्याच्यामागे मॅडम.

मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख. त्या हसतात अशी एक अफवा होती, पण प्रत्यक्ष पाहिलेलं कोणी नव्हतं. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"यातली आजारी कोणती?"

ताईने थाप मारायचं ठरवलं होतं. तोंड उघडल्यावर मात्र खरंच बाहेर पडलं. "माहीत नाही, मॅडम."

"म्हणजे तुलाही माहीत नाही?"

"कोणालाच माहीत नाही."

मॅडमच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच थांबल्या. "म्हणजे आधी नुसती जनुकं वाचायची आणि त्यावरून आजारी ओळखून दाखवायचे? खुणा मुद्दाम पुसल्यास? अगं, एवढी छाती इथे कोणाची झाली नाही आजवर. कल्पना कोणाची?"

"काकांची," ताई म्हणाली. हे तरी शंभर टक्के खरं होतं. पुढचं सांगायला तिने तीनदा तोंड उघडलं, पण मॅडम तोवर काकांचा हात हातात घेऊन त्यांचं कौतुक करत होत्या, आणि काका लाजून सांगत होते की विशेष काही नाही, थोडा साबण जास्त लागला.

नमुने घेतले गेले. पाठींवर एक ते बारा आकडे पडले. संध्याकाळी चार वाजता यंत्राने निकाल दिला, आणि ताईने श्वास रोखून कागद पाहिला. सहा पिल्लांच्या आतड्यांत धोक्याची घंटा वाजवणारी जनुकं अशी खडबडून उठली होती की जणू घरात चोर शिरलाय, आणि सहांमध्ये सगळं शांत, गाढ झोप. मधलं, धड इकडे ना तिकडे, एकही नाही. सकाळी एकत्र न्हाताना कोणाला लागण झाली असती तरी एवढ्यात आतड्याला पत्ताही लागला नसता. नळीबरोबरच कापसाच्या बोळ्यावर घेतलेल्या विष्ठेच्या नमुन्यांत दुसऱ्या दिवशी जंतू उगवले, तेही नेमक्या त्याच सहांच्या. बारापैकी बारा बरोबर.

मॅडम हसल्या. दोन साक्षीदार होते. मग त्यांनी ताईला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

ताई बाहेर आली ती थेट अंगणात गेली आणि आईला फोन लावला.

"झाली का गं परीक्षा?" आईने विचारलं. "काय म्हणाल्या तुझ्या मॅडम?"

"खूश आहेत. इतकं सुंदर काम त्यांनी बघितलंच नव्हतं म्हणे."

"मग कधी येतेस घरी?"

"इतकं सुंदर काम एवढ्यावर सोडायचं नाही म्हणाल्या. शंभर पिल्लांवर करायचंय. दोन वर्षं लागतील."

पलीकडून पुटपुटत आकडे मोजल्याचा आवाज आला. आई बहुधा नातेवाईक मोजत होती.

"आणि चुकलं असतं तर?"

"तर एक," ताई म्हणाली.