शेपूला पाच तारे

आधीच सांगून ठेवतो, विचारल्याशिवाय काही करणाऱ्यातला मी नाही. भूकंपानंतर माझ्या मामाच्या गावाला नवी घरं मिळाली, तेव्हा बांधणाऱ्यांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं. स्वयंपाकघर एवढंसं, की मामीने भाकरी थापायला हात उचलला की कोपर भिंतीला लागायचं. मामाने त्या पक्क्या घरात कडबा भरला आणि स्वतः समोर पत्रे टाकून राहू लागला. ते बघतच मी मोठा झालो, आणि ठरवलं की आपण जे करू ते माणसांना विचारून करू. त्यासाठीच डिझाइन शिकलो. अहमदपुरात अजून लोकांना वाटतं, अनंतरावांचा राघवेंद्र साड्यांवरची नक्षी काढतो.

शिकून लातूरला आलो. लातुरात तेव्हा घराला लागून क्लास होते आणि क्लासला लागून होस्टेलं. डॉक्टर व्हायला आलेली पोरं इथे, त्यांच्या आया गावी. मधे एसटी. अहमदपूर, जळकोट, कुठून कुठून आयांनी भरलेले डबे सकाळच्या गाडीने लातूरला यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामे परत जायचे. माझी धाकटी बहीण मृण्मयीही अशाच डब्यावर शिकत होती.

मला वाटलं, हीच संधी. रीतसर संशोधन सुरू केलं. पहिली मुलाखत माझ्याच आईची. माझी आई सौदामिनी शाळेत मराठी शिकवते, म्हणजे उत्तर नेमकं मिळणार याची खात्री.

"आई, डब्याचा सगळ्यात जास्त त्रास कशाचा?"

"घासायचा," आई म्हणाली. "होस्टेलला पाणी न्हाई, पोरगी तसाच खरकटा पाठवते. रात्रभर भिजत घालावा लागतो."

झालं! मला दुखणं सापडलं. मग पोरांच्या मुलाखती घेतल्या, क्लासबाहेर गुरुपादप्पाच्या चहाच्या टपरीवर. प्रत्येकाच्या हातात फोन. त्यावरून मी निष्कर्ष काढला की लातूरचा विद्यार्थी पूर्णपणे डिजिटल ग्राहक आहे. ज्यांच्याकडे फोन नाहीत ती पोरं टपरीवर यायचीच नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

माझा मित्र शिवमूर्ती याने ॲप केलं. मी डबे केले. सगळे एकसारखे, स्टीलचे, झाकणावर कोड. संध्याकाळी गोळा करायचे, आमच्याकडे थोडक्या पाण्यात वाफेवर धुवायचे आणि आयांना आरशासारखे लख्ख परत पाठवायचे. प्लास्टिक नाही, पाण्याची नासाडी नाही, वाया काही जायचं नाही, सगळं वर्तुळात फिरायचं. आईचा जुना, पोचे पडलेला, लग्नात आलेला नाव घातलेला डबा मी स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकला.

आणि खरी करामत पुढेच होती. जेवून झालं की विद्यार्थ्याने ॲपवर तारे द्यायचे. दिले नाहीत तर दुसऱ्या दिवशीचा डबा सुटणारच नाही! आईने सकाळी ॲपवर भाजीचं नाव टाकायचं आणि तारे दिले की तिच्या फोनवर निरोप जायचा. पहिल्याच आठवड्यात आईला निरोप गेला, 'मृण्मयीला आजची शेपूची भाजी फार आवडली. उद्याही हीच करा.' 'उद्याही हीच करा' ही शिवमूर्तीची भर.

आता मृण्मयी आणि शेपू यांचं वैर जन्माचं. लहानपणी शेपूची जुडी घरात आली की ती शेजारी जायची. त्या दिवशी आईला घरात दुसरं काही मिळालं नव्हतं म्हणून बिचारीने भीत भीत शेपू पाठवली होती. पाच तारे बघून आईला आनंद मावेना. तिने स्टाफरूममध्ये सगळ्यांना फोन दाखवला.

"बघा, होस्टेलला गेल्यावर पोरीला अक्कल आली. शेपू खाऊन राहिली!"

दुसऱ्या दिवशी शेपू. तिसऱ्या दिवशी मुगाची डाळ घालून शेपू. स्टाफरूममधल्या इतर आयांनाही वाटलं, लातूरच्या हवेत काहीतरी आहे. त्यांनीही शेपू धाडली, त्यांनाही पाच तारे. अहमदपूर-लातूर गाडीचे कंडक्टर धोंडप्पा एकदा मला स्टँडवर गाठून म्हणाले, "साहेब, पॅसेंजर खिडक्या लावू देत न्हाईत. ही गाडी हाय का भाजीमंडई?"

मला अभिमान वाटला. मी आलेख काढला. शेपूची रेघ बघावी तेव्हा वर चाललेली. शिवमूर्ती म्हणाला, "राघू, लई मोठं घबाड हाय हे. शेपूचंच वेगळं ॲप काढू."

त्या दिवसांत एक गोष्ट खटकायची. गुरुपादप्पाच्या चहाला कसलासा हिरवट वास यायला लागला होता.

"गुरुपादप्पा, चहात काय टाकून राहिलात?"

"म्या कशाला काय टाकू? म्हशीला इचारा. आजकाल पेंडीला तोंड लावत न्हाई ती."

म्हैस टपरीच्या मागे बांधलेली असायची, मृण्मयीच्या होस्टेलच्या खिडकीखाली. मी हसलो आणि दुसरीकडे चहा प्यायला लागलो. माझी खोली होस्टेलच्या मागच्याच गल्लीत होती. पण मी बहिणीकडे गेलो नाही. कशाला जायचं? तिची खुशाली मला रोज दिसत होती, पाचपैकी पाच.

मग नांदेडला पर्यावरणपूरक कल्पनांची स्पर्धा लागली. मी आणि शिवमूर्ती आदल्या दिवशीच जाऊन बसलो. ऐन मंचावर खरे ग्राहक उभे करायचे, असा माझा बेत. आई अहमदपूरहून आली. मृण्मयीला रेक्टर शिवकांताबाई घेऊन आल्या, कारण त्या मुलींना एकटं सोडत नसत.

आलेख दाखवून झाला. आई माइकवर कौतुकाने बोलली. मग एका परीक्षक बाईंनी मृण्मयीला साधाच प्रश्न विचारला, "तू तारे कधी देतेस? जेवल्याबरोबर?"

"कसले तारे?" मृण्मयी म्हणाली.

मी घाईने म्हणालो, "फोनवरचे गं."

"आम्हाला फोन ठेवूच देत न्हाईत. रविवारी मिळतो, तेबी बाईंचाच."

शिवकांताबाईंनी पुढे होऊन खुलासा केला. "ते तारे मी देते की. सगळ्या पोरींचे एकदम दाबते. न्हाई दाबले तर दुसऱ्या दिवशी पोरी उपाशी ऱ्हातेत, म्हणून पाचच्या पाच देऊन टाकते."

सभागृह खो खो हसलं. मीही हसल्यासारखं केलं. तेवढ्यात मृण्मयी आईकडे वळली.

"आई, चाचणीत मार्क कमी पडले म्हणून किती दिवस शेपू खाऊ घालणार हायस? रविवारी फोनवर बी विचारतेस, शेपू आवडली ना? टोमणाच मारायचा तर सरळ रागव ना."

आईने मृण्मयीचा हात धरला. मनगटातलं घड्याळ घसरून कोपरापाशी गेलं.

"मग तू खात काय होतीस?"

"बिस्किटं."

"आन् भाजी?"

"खिडकीतून म्हशीला."

म्हणजे शेपू म्हशीला, म्हशीचं दूध टपरीला आणि टपरीचा चहा मला. वर्तुळात सगळं फिरलं होतं, वाया काही गेलं नव्हतं. फक्त माझी बहीण उपाशी राहिली होती.

आई मंचावरून खाली उतरली, तेव्हा मला हळू आवाजात म्हणाली, "खरकटा डबा आला की मला कळायचं रे. शितं वाळली असली तर उशिरा जेवली. भाजी उरली तर काहीतरी बिनसलंय. बोटांनी पुसून खाल्लेलं असलं की मी निवांत झोपायचे. तू लख्ख धुऊन पाठवायला लागलास, मला काही दिसेचना."

"पण तूच म्हणाली होतीस ना, घासायचा त्रास होतो."

"त्रास तर होतोच," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "तुझी खोली होस्टेलपासून किती लांब हाय रे?"

"मागच्या गल्लीत."

तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

बक्षीस अर्थातच मिळालं नाही. द्यायचंच असतं तर ते गुरुपादप्पाच्या म्हशीला द्यायला हवं होतं. मृण्मयी आईबरोबर अहमदपूरला गेली ती क्लासला परत जायचं नावच काढेना. बऱ्याच दिवसांनी, शिरा आणि साजूक तुपाच्या जोरावर, ती तयार झाली. आईने माळ्यावरून जुना डबा काढला. आमची कंपनी बंद झाली. एकसारखे लख्ख डबे शिवमूर्तीच्या काकांनी रुखवतात मांडायला नेले.

आता मी रोज स्टँडवर जाऊन डबा घेतो आणि होस्टेलला पोचवतो. पहिल्या दिवशी शिवकांताबाईंनी व्हरांड्यात बसायची परवानगी दिली. मृण्मयीने डबा उघडला. वांग्याची भाजी होती, पोळ्या, भात. तिने एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"दादा, तू जेवलास का?"

इतक्या मुलाखती घेतल्या मी, पण हा प्रश्न एकालाही विचारला नव्हता. "जेवलो," मी म्हणालो. तिने ऐकलं नाही, डबा माझ्याकडे सरकवला. भाजी छान झाली होती. तिचा अभ्यास, तिच्या मैत्रिणी, नवी चाचणी असं बोलत बोलत आम्ही जेवलो. संध्याकाळच्या गाडीने मी डबा तसाच, खरकटा, पाठवून दिला. खूप दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"राघू, डबा मिळाला. भाजीतला लसूण निवडून कडेला ठेवलेला हाय."

"बरं."

"मृण्मयी लसूण खाते. निवडून तू ठेवतोस. म्हणजे भाजी सगळी तूच खाल्लीस. मग पोरगी काय जेवली?"