चेकरच्या अंगणातली गुप्त सेवा

"विश्वास देवावर ठेवावा, बाई. मुलांवर नजर ठेवावी," चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले. ते बसले होते संडे स्कूलच्या बालवर्गातल्या खुर्चीवर. गुडघे हनुवटीला टेकलेला माणूस कितीही गंभीर बोलला तरी म्हणावा तसा परिणाम होत नाही.

विषय होता, मुलांना दुसऱ्यांची सेवा करायला शिकवायचं कसं. सेक्रेटरींचा बेत तयार होता. सगळ्या मुलांना सारख्या टोप्या घालायच्या, रस्ता झाडायला लावायचा, मागे फलक आणि पुढे फोटोग्राफर. बाईंना तो मुळीच पसंत नव्हता. बाई आठवडाभर औषधांचं दुकान सांभाळत आणि रविवारी मुलं, त्यामुळे कडू डोस कसा पाजायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"फोटो काढून केलेली सेवा म्हणजे जाहिरात झाली," बाई म्हणाल्या. "यंदा गुप्त सेवा! प्रत्येकानं आपापला एक माणूस शोधायचा. एकटा राहणारा, ज्याला मदत करायला कुणी नाही असा. आठवडाभर त्याची बारीकसारीक कामं करायची. पण त्याला कळता कामा नये. दोस्तांना सांगायचं नाही, घरी सांगायचं नाही, मलासुद्धा सांगायचं नाही. ज्याची सेवा उघडी पडली, त्याची बाद!"

"आणि खरंच केली की थापा मारल्या, हे कळणार कसं?"

"कळायचंच नाही. तीच तर गंमत."

"गंमत तुमची. उद्या कुणाच्या घरातून काही गेलं, तर लोक कमिटीच्या नावानं शंख करतील."

पाळकसाहेबांना एकाच वेळी दोन्ही बाजूंना मान डोलवायची सवय होती. ते म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे. करून बघू." आणि बेत ठरला.

बेत फक्कडच होता. त्याला भोक एकच होतं. मुलांनी एकमेकांना काही विचारायचंच नाही म्हटल्यावर सगळीच्या सगळी एकाच माणसाकडे गेली तर काय, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आणि मुलं गेली ती नेमकी चेकरकडे.

चर्चच्या मैदानाला लागून, पडक्या कुंपणापलीकडे चेकरच्या दोन खोल्या होत्या. पुढे लहानसं अंगण आणि फाटकाजवळ एक बाक. उभा जन्म त्यानं बसमध्ये तिकिटं तपासली होती. त्याच्या मते जगात माणसं दोन प्रकारची. विनातिकीट सापडलेली आणि अजून न सापडलेली. बायको गेल्यापासून तो एकटाच राही. मुलांचा चेंडू अंगणात पडला तर परत देई, पण चौकशी पूर्ण झाल्यावर. 'याला कोण मदत करणार? आणि याच्याकडे जायची छाती माझ्याशिवाय कुणाची होणार?' असं प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे वाटलं. वर्गात एक जुळे भाऊ होते. एका पांघरुणात झोपायचे, पण त्यांनीही एकमेकांना दाद लागू दिली नाही.

हा चेकर बाईंचा सख्खा बाप. पण बेत आखताना तो त्यांच्या मनातही आला नाही. त्यांच्या लेखी बाबा एकटे नव्हते, हट्टी होते. वर्षभर त्या मागे लागल्या होत्या, "माझ्याकडे राहायला चला." लेकीच्या घरी लिफ्ट होती, गरम पाणी होतं आणि बाबांसाठी वेगळी खोलीही होती. त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. चेकरला भिंत बघायची नव्हती. त्याला बाकावर बसून येणारा-जाणारा तपासायचा होता.

सोमवारी चेकर अंगणात आला तर कुंड्यांना पाणी घातलेलं. आपण घातलं नाही, याची त्याला खात्री होती. दुपारी पाहिलं तर पुन्हा घातलेलं. संध्याकाळपर्यंत बिचारा निवडुंग गळ्यापर्यंत बुडाला होता. वर्तमानपत्र पायपुसण्याखाली सापडलं. ते बाकावर ठेवून चेकर आत वळला तोवर ते खिडकीच्या गजांत खोचलेलं! आयुष्यभर करकरणारं फाटक आवाज करीना, आणि त्याला डोक्याच्या तेलाचा वास येऊ लागला.

"पाळत," चेकर स्वतःशी म्हणाला. "चोरांनी पाळत ठेवलीय. आधी फाटकाचा आवाज बंद, मग घरमालक बंद."

बुधवारी लेक आली. दारातच थबकली.

"बाबा, तपकिरी बुटांना काळं पॉलिश कशाला केलंत?"

"मी नाही केलं."

"मग कुणी केलं?"

"तोच तर तपास चालू आहे."

"एकच बूट केलाय."

"ते मलाही दिसतंय. दुसऱ्या बुटावर नजर आहे माझी."

लेकीनं दोरीवरून काढलेल्या कपड्यांच्या घड्या पाहिल्या. घड्या सुरेख होत्या, पण कपडे ओलेच होते. तिनं निवडुंग पाहिला. मग बाबांकडे पाहिलं, आणि दुकानात चुकीची गोळी मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हीच केलंत, आणि मग विसरलात. असं होतं हो कधी कधी. ताण असतो. झोप लागते ना नीट?"

"अगं, माझं डोकं ठिकाणावर आहे! कुणीतरी येतं इथे!"

"येतं आणि काय चोरतं?"

इथेच तर घोडं पेंड खात होतं. चोर आले होते, हे नक्की. पण चोरीला एक चमचाही गेला नव्हता. उलट अंगणात राहिलेले चमचे घासलेले होते.

"रविवारी चर्च सुटलं की मी येते आणि तुमची बॅग भरते," लेक म्हणाली. "आता एकट्यानं राहणं बरं नाही. माझा जीव टांगणीला लागतो, बाबा." तिचे डोळे खरंच भरून आले होते, त्यामुळे चेकरला ओरडताही येईना.

चोर सापडला तर घर वाचणार होतं, नाहीतर नशिबी ती भिंत. दुसऱ्या दिवशी चेकरनं धंद्यातली जुनी युक्ती काढली. मागच्या दारानं चढायचं आणि तोंड उघडायचं नाही. उरलेला तपकिरी बूट त्यानं पायरीवर आमिष म्हणून ठेवला आणि पडद्याआड उभा राहिला.

शाळा सुटण्याच्या सुमाराला कुंपणाच्या भगदाडातून एक मुलगी शिरली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. ती बुटाला हात लावते न लावते तोच कुंपण पुन्हा हललं, आणि ती पिंपामागे दडली. आला तो जुळ्यांतला एक. त्यानं झारी उचलली, पण पुन्हा खसफस झाली, तसा तो बाकाखाली शिरला. मग दुसरा जुळा आला. त्याला बाकाखाली स्वतःचाच चेहरा दिसला आणि तो किंचाळायचाच बाकी राहिला. त्यामागून आणखी आले. कुणी झाडामागे, कुणी दोरीवरच्या चादरीत. बघता बघता अंगण सेवकांनी भरलं आणि सेवा ठप्प झाली. कुणालाच हलता येईना. पडद्याआड चेकरच्या नाकात धूळ गेली होती. त्यानं बराच वेळ धीर धरला. मग त्याला अशी शिंक आली की चादरीतली मुलगी चादरीसकट खाली आली.

चेकर दारात उभा राहिला. तोंडातून सवयीनं शब्द निघाला, "तिकीट?"

मुलं एका रांगेत उभी राहिली.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"काय न्यायला आलात?"

"काही नाही. ठेवायला आलो. म्हणजे... ते सांगायचं नाहीये."

"सांगायचं नाही? मग पोलिसांना सांगाल?"

त्याबरोबर दातपडकीनं भोकाड पसरलं. "बाद झालं! सगळं बाद झालं! तुम्हाला कळलं की बाद होतं! आता रविवारी बाई विचारणार कुणाची बाद झाली, आणि सगळ्यांसमोर उभं राहावं लागणार!"

"कोण बाई?"

"संडे स्कूलच्या."

आपलं घर आपल्याच लेकीच्या बेतानं हातचं चाललंय! चेकरला हसावं की रडावं कळेना. पुरावा रांगेत समोर उभा होता. एक फोन केला की बॅग कपाटावरच राहणार होती. त्यानं फोन हातात घेतलाही. मग त्याची नजर दातपडकीकडे गेली. तिच्या बाहीला काळं पॉलिश लागलं होतं आणि त्याच बाहीनं ती नाक पुसत होती. 'माझा निवडुंग बुडवला, बूट रंगवला, पण आई गं, किती मनापासून!' असं काहीतरी त्याच्या छातीत दाटून आलं. बायको गेल्यानंतर त्याच्या बुटांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

उभ्या नोकरीत त्यानं एकाही विनातिकिटाला सोडलं नव्हतं. त्या दिवशी अख्खी बस सोडली.

"मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला. "माझा चष्मा घरात राहिलाय."

"पण आजोबा, चष्मा तर तुमच्या नाका..."

"घरात राहिलाय म्हणतो ना! आणि हे बघा, रविवारनंतर यायचे कष्ट घेऊ नका. मी इथे नसेन. लेक बॅग भरून घेऊन जाणार आहे."

"तुम्हाला जायचंय?" दातपडकीनं विचारलं.

"ते कुणी विचारलंय का मला?" चेकर म्हणाला आणि दार लावून घेतलं. फोन त्यानं केला नाही.

रविवारी वर्गात बाईंनी विचारलं, "कुणाची सेवा बाद झाली?" एकही उठलं नाही. सगळे चेहरे इतके साळसूद होते, की बाईंनाच संशय आला. सेक्रेटरी तर दारातच उभे होते.

"मी पन्नास जणांना विचारलं, बाई. कुणाचीही सेवा झालेली नाही. सगळ्यांनी टंगळमंगळ केली!"

बाईंचा चेहरा पडला. त्या तशाच बाबांकडे गेल्या. बाबा मुकाट्यानं फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. मागच्या खिडकीची कडी त्यांनी सकाळीच काढून ठेवली होती, खेळती हवा यावी म्हणून. लेकीनं आत जाऊन कपडे, टॉवेल, स्वेटर सगळं बॅगेत भरलं. मग गॅस बंद आहे का बघायला ती स्वयंपाकघरात गेली. परत आली तर बॅग रिकामी! कपडे कपाटात, जिथल्या तिथे, सुरेख घड्या घालून.

तिनं पुन्हा सगळं भरलं. आईचा फोटो काढायला पुढच्या खोलीत गेली. फोटो घेऊन आली, तर बॅग रिकामी आणि वर उशीचा अभ्रा बदललेला.

"बाबा! तुम्ही आत आला होतात?"

"मी? तुझ्या डोळ्यांसमोर इथे बसलोय. तुझी पर्ससुद्धा मांडीवर आहे."

"मी बॅग भरली होती ना?"

"भरली असशील. किंवा भरलीस असं वाटलं असेल." चेकरनं उठून तिला पाणी आणून दिलं आणि फार हळुवारपणे म्हणाला, "असं होतं गं कधी कधी. ताण असतो. झोप लागते ना नीट?"

लेक पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिली. 'कुणीतरी येतं इथे' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. बुधवारी हेच वाक्य बाबांच्या तोंडून ऐकून आपण त्यांच्याकडे कसं पाहिलं होतं, ते तिला आठवलं. तिनं ते गिळलं, पण चेहरा कानकोंडा झाला.

"बाबा, तुम्हाला यायचं नाहीये का माझ्याकडे?" तिनं विचारलं. वर्षभरात हे तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं.

"जेवायला येईन की. दर रविवारी येईन. पण राहायला इथेच बरं वाटतं मला. इथे फार..." चेकरनं पिंपाकडे पाहिलं. "इथे फार वर्दळ असते."

"बरं," ती पुटपुटली आणि डोळे पुसत चपला घालायला दाराशी आली. खाली बघते तर तिच्या चर्चला घालायच्या पांढऱ्या चपलांपैकी एक काळीभोर, चकाचक.

ती त्या चपलेकडे बघत राहिली. मग पिंपाकडे. पिंपामागे पॉलिश लागलेली एक बाही दिसत होती. बाकाखालून एकाच चेहऱ्याची दोन मुलं तिच्याकडे बघत होती. चादर वारा नसताना हलत होती. लेक हळूच बाबांकडे वळली. बाबा आभाळाकडे बघत होते. 'पन्नास जणांना विचारलं,' सेक्रेटरी म्हणाले होते. या एका घरी मात्र विचारायची छाती त्यांची झाली नव्हती, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. तिला एकदम रडू फुटलं आणि त्यातच हसू.

"काय गं, काय झालं?" चेकरनं विचारलं.

बाईंनी एक पांढरी आणि एक काळी चप्पल पायांत सरकवली.

"काही नाही बाबा. मला आज नीट दिसतच नाहीये काही," त्या म्हणाल्या. "तेवढी बॅग कपाटावर टाकून द्या."

"बाद नाही झालं!" पिंपामागून कुणीतरी मोठ्यांदा कुजबुजलं. ते दोघांनीही ऐकलं नाही.