जिलबीवर ठेवलेलं नाव

उखाणा आपला आपणच जोडायचा असं मी ठरवलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं. मोबाईलवर तयार उखाणे ढीगभर मिळतात, असं माझी नात ईरा सांगत होती. मीच नको म्हटलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला कधी कधी उगीच हुशारी सुचते.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. मुलानं, म्हणजे अभिजीतनं, माधव नगरात हॉल घेतला. साठ पानं (आता स्टीलच्या थाळीत वाढतात, तरी आम्ही पानंच म्हणतो). जेवणाआधी मी बायकोला घास भरवायचा आणि तिचं नाव घ्यायचं. दुसऱ्या कुणाला हे सोपं वाटेल. माझं मागचं रेकॉर्ड खराब आहे.

लग्नात हिचं नाव बदललं होतं. भटजींनी माझा हात धरून तांदळात अंगठीनं नवं नाव लिहवलं. हात माझा, अक्षरं त्यांची. मी शाळा दुसरीत सोडलेली, काय लिहिलं ते कळलं नाही. त्यांनी ते मोठ्यानं सांगितलंही असेल, पण बँडवाले जोरात होते, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. मग पंगतीत सगळे मागे लागले, नाव घ्या, नाव घ्या. मागे कुणीतरी मघापासून "सुलू, पाणी आण, सुलू, तूप आण" असं चालवलं होतं. मी तेच नाव घेतलं.

सुलू ही माझी मेव्हणी. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

हिनं त्या दिवशी माझा घास घेतला नाही. तोंड फिरवून बसली. त्यानंतर मी हिला नावानं कधी हाक मारली नाही. "अगं" एवढ्यावर पन्नास वर्षं निघाली.

कार्यक्रम ठरल्यावर सुलूचा देवासहून फोन आला. "भाऊजी, या वेळी मला वगळा."

ही शेजारीच बसून ऐकत होती. म्हणाली, "अहो, नाव नीट घेतलंत तर घास घेईन. नाहीतर साठ माणसांत उपाशी उठेन. आत्ताच सांगून ठेवते." ही असं बोलली की तसं करते.

म्हणून मी कामाला लागलो. मला लिहिता येत नाही, पण पाठ ठेवायची माझी एक रीत आहे. टावर चौकाजवळ चाळीस वर्षं मी शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. मशीन उघडलं की सुटे भाग डावीकडून उजवीकडे मांडत जायचं. जो आधी निघाला तो आधी. परत जोडताना उलटं यायचं. वहीची गरज पडली नाही. तेच मी ताटाला लावलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, पापड, भाजी, जिलबी. प्रत्येक जिन्नसावर एक ओळ ठेवायची, ताट समोर आलं की उचलत जायचं.

ओळी सुचायला वेळ लागला, पण मला घाई नसते. आमच्या घरी जेवायला जे जे बसायचे, अगदी माझे सासरे अण्णांपर्यंत, ते सगळे आठवून आठवून असं झालं:

मिठाची चिमूट आईची, तिनं मोजली नाही कधी,
लिंबाची फोड एकच, सहा पानांत वाटली आधी.
चटणीसाठी भांडलो आम्ही भाऊ तिघं जण,
कोशिंबिरीत अण्णांचं शेवटपर्यंत मन.
पापड मोडला मोठ्यानं, बाळ जागं झालं,
भाजी पुरली नाही तेव्हा भातावर भागलं.
जिलबीचा पाक शालूवर माझ्या हातून सांडला,
पन्नास वर्षं जिनं वाढलं, तिचं नाव मंगला.

नाव शेवटी जिलबीवर ठेवलं. एवढी महत्त्वाची वस्तू दुसऱ्या कशावर ठेवणार.

मग रोज जेवताना तालीम सुरू केली. एकेका जिन्नसावर बोट ठेवायचं आणि पुटपुटायचं. चौथ्या दिवशी हिनं पकडलं.

"ताटाशी काय बोलताय?"

"कुठे काय. मीठ..."

"कमी पडलं?"

"नाही."

"मग जास्त झालं?"

"मीठ बिलकुल सही आहे. मी आईची आठवण काढत होतो."

हे नको होतं. दुसऱ्या दिवसापासून मीठ एकदम अर्ध्यावर आलं. म्हणाली, सासूबाईंसारखं जमत नसेल तर वरून घ्या. तरी माझं पुटपुटणं थांबेना, तेव्हा तिनं अभिजीतला बाजूला घेतलं. "तुझे बाबा पापडाशी बोलतात. काल लिंबाला हात जोडले." (जोडले नव्हते. चिकट झाले होते.)

अभिजीत मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण, इथलेच हिंदीवाले, बोलायला गोड.

"बाबूजी, आज कौन सा वार है?"

"शुक्रवार."

"सुबह क्या खाया?"

"पोहे. सेव टाकून."

"बहुत बढ़िया. पत्नी का नाम?"

मी जरा लाजलो. "साहब, हमारे में ऐसे नहीं लेते. थाली सामने चाहिए."

डॉक्टरांनी अभिजीतकडे बघितलं. अभिजीतनं खाली बघितलं. मग त्यांनी बरंच काही लिहिलं आणि बीपी मोजलं, शुगर बघितली. डोकं ठीक निघालं, बाकी दोन्ही वर निघाले. मीठ बंद, चटणी-लोणचं बंद, पापड बंद, गोड बंद. सकाळ-संध्याकाळ गोळी. गोळीचं नाव भलतंच लांब होतं. केमिस्टकडे चुकू नये म्हणून अभिजीतनं ते माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ही जरीचं जांभळं नेसली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या, घासासाठी थांबली होती. शेजारी शेजारी बसलो. समोर साठ माणसं, त्यात पहिल्या रांगेत सुलू. माईक आला, ताटं आली. घरी पथ्य असलं तरी हॉलचं ताट पुरं येईल असं मी धरून चाललो होतो. मी माझ्या ताटात बघितलं.

मीठ नव्हतं. चटणी नव्हती, पापड नव्हता. दुधीची भाजी, वरणभात, लिंबू, आणि कोशिंबिरीच्या नावाखाली नुसती काकडी. वाढणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दादाजी की थाली अलग लगी है. भैया ने बोला है."

जिलबीची जागा मोकळी होती.

पहिला स्क्रूच सापडत नसेल तर मशीन कुठून जोडणार. मी भाताचा घास हातात धरून बसून राहिलो. मग माझं लक्ष हिच्या ताटाकडे गेलं. तिथं सगळं होतं, जागच्या जागी. मी माईक डाव्या हातात धरला, वाकलो, आणि घासाच्या हाताची करंगळी हिच्या मिठावर ठेवली. ओळ आली. लिंबू, आली. चटणीला हशा पिकला. अण्णांच्या कोशिंबिरीला सुलूनं नाक पुसलं. भातावर भागल्याच्या ओळीला तर कुणी हललं नाही. मला वाटलं, झालं, पोचलो.

आता हिची एक सवय सांगायला हवी. हिला रडू यायला लागलं की ही काहीतरी तोंडात टाकते. माझी आई गेली तेव्हा हिनं अर्धा डबा शेंगदाणे संपवले होते. मी करंगळी भाजीवरून पुढे सरकवली, तर जिलबीच्या जागी नुसता पाक. जिलबी हिच्या गालात. डोळ्यांतून पाणी, आणि ही चावत होती.

पाक शिल्लक होता म्हणून पाकाची ओळ आली. पुढचीही आली. "पन्नास वर्षं जिनं वाढलं, तिचं नाव..."

नाव ती खात होती.

"नाव, नाव," लोक म्हणायला लागले. मला ठाऊक नव्हतं असं नाही. घर ठाऊक असतं, गल्ली सापडत नाही, तसं झालं. एवढ्यात सुलू उठून उभी राहिली. "भाऊजी, फक्त माझं नको. एवढं सांभाळा."

तिनं हे सांगायला नको होतं. त्यानंतर माझ्या डोक्यात एकच नाव राहिलं, आणि ते निसटू नये म्हणून मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

हिनं घाई केली नाही. जिलबी नीट गिळली, पदरानं डोळे टिपले, माईक स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "मंगला." मग माझ्याकडे वळून तोंड उघडलं. घास घेतला. त्यातला निम्मा भात मी जांभळ्या साडीवर सांडला, पण तो मोजायचा नाही असं ठरलं.

संध्याकाळी घरी आम्ही दोघंच जेवायला बसलो. ताटाची सगळी रीत मी तिला समजावून सांगितली. तिनं निवांत ऐकली. माझ्या ताटात मिठाच्या जागी गोळी ठेवली होती.

"कोणती ही? सकाळचीच ना?"

मी गोळीचं ते लांबलचक इंग्रजी नाव एका दमात सांगितलं. किती मिलिग्रॅम तेही सांगितलं.

वरणाची पळी तिच्या हातात तशीच थांबली. "माझं तीन अक्षरांचं," ती म्हणाली. "आणि हे कशावर ठेवलं होतंत?"

"दुधीवर," मी खरं ते सांगितलं. "ती कुणी उचलून खात नाही."

दुधी हिनं केली होती, हे बोलून झाल्यावर आठवलं.