श्रेणी चारसाठी मंजूर क्रियापदे

आमच्या कंपनीचा एक लिफ्ट मेकॅनिक स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत शंभरपैकी शहाण्णव गुण मिळवून पहिला आला. असं काहीही घडलेलं नाही.

भाषा हे माणसांना जोडणारं साधन आहे, आणि म्हणूनच ती जपून, श्रेणीनुसार आणि सही घेऊन वाटली पाहिजे. आमच्या कंपनीला स्पॅनिश बोलणाऱ्या एका देशातलं मोठं इस्पितळ मिळालं (म्हणजे त्याच्या बावीस लिफ्टची देखभाल मिळाली, इस्पितळ त्यांच्याकडेच राहिलं). तिथे कायमचा एक मेकॅनिक पाठवायचा होता. अट एकच, स्पॅनिशची परीक्षा. आमच्या मेकॅनिकची बायको त्याच शहरात सव्वीस महिन्यांपासून नर्स आहे. पास झाला तर बायको, नापास झाला तर व्हिडिओ कॉल, इतका सोपा त्याचा अभ्यासक्रम होता.

शिकवायला एक बाई नेमल्या (जाणार एकच होता, पण वर्गाला सगळे एकेचाळीस कर्मचारी बसवले). त्यांनी पहिल्याच दिवशी इंग्रजी आणि स्पॅनिश शेजारीशेजारी मांडली. "इंग्रजीतले 'कॅन', 'मस्ट', 'शुड' म्हणजे नोकरीत कायम झालेली मंडळी. समोर मी असो, तू असो की साहेब असोत, जागचे हलत नाहीत. स्पॅनिशमध्ये माणूस बदलला की क्रियापद उठून कपडे बदलतं. 'पुएदो' म्हणजे मी करू शकतो. यात 'मी' वेगळा बोलायलाही नको, तो शब्दाच्या पोटातच बसलेला असतो."

शेवटच्या बाकावर बसलेल्या प्रशिक्षण अधिकाऱ्यांचं पेन थांबलं.

"बाई, म्हणजे हे सगळे रोज सकाळी 'मी करू शकतो' म्हणणार?"

"सरावासाठी, हो."

"एकेचाळीस माणसं?"

"हो."

"आणि उद्या खरंच करायला लागली म्हणजे?"

बाईंनी व्याकरणाचं पुस्तक चाळलं (त्यात असं प्रकरण नव्हतं). दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं:

श्रेणी एक, संचालक: 'कियेरो', मला हवं आहे.
श्रेणी दोन, व्यवस्थापक: 'पुएदो', मी करू शकतो. (करतो, असा अर्थ काढू नये.)
श्रेणी तीन, सुपरवायझर: 'देबेरीआस', तू करायला हवंस.
श्रेणी चार, मेकॅनिक व इतर: 'तेंगो के', मला करावं लागतं.

याशिवाय 'आय के' सर्वांना मोकळं ठेवलं. आय के म्हणजे नुसतंच 'करावं लागतं'. कुणाला, ते सांगायची गरज नाही. इंग्रजीची इथे मोठीच अडचण आहे, 'मस्ट'च्या आधी कुणाला तरी आणून उभं करावं लागतं आणि तो माणूस नेमका रजेवर असतो. स्पॅनिश लोकांनी माणसाशिवाय चालणारं कर्तव्य शोधून काढलंय हे कळल्यावर आमच्या ऑफिसला परक्या मुलखात सख्खा मामा भेटल्यासारखं झालं. तीन महिन्यांत 'आय के'चा वापर तिपटीने वाढला. छत गळतंय, आय के बघणं. केबल झिजली, आय के बदलणं. पाहणीत सत्तावन्न टक्के कर्मचारी समाधानी आढळले (उरलेले त्या वेळी लिफ्टमध्ये अडकले होते).

मेकॅनिक मात्र जेवणाच्या सुट्टीत गच्चीवरच्या मोटर-रूममध्ये डबा उघडून बायकोला फोन लावायचा.

"अरे, 'पुएदो' म्हण की सरळ."

"माझ्या ग्रेडला नाही ते."

"ग्रेडला नाही म्हणजे? शब्द आहे तो, कंपनीची गाडी नाही."

"तुला काय जातंय बोलायला?"

"मला काय जातंय? सव्वीस महिने गेलेत माझे! म्हण पुएदो."

त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच म्हटलं. काही कोसळलं नाही. मग दहादा म्हटलं.

परीक्षा घ्यायला पडद्यावर त्या इस्पितळाच्याच एक मॅडम होत्या. प्रश्न होता, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे, आत एक म्हातारी पेशंट आहे, काय कराल? श्रेणी चारचं मंजूर उत्तर होतं, 'मला साहेबांना कळवावं लागतं.' मेकॅनिक म्हणाला, "पुएदो साकार्ला." मी तिला बाहेर काढू शकतो. मॅडमनी शहाण्णव दिले. चार उच्चाराचे कापले.

चौकशी समिती त्याच संध्याकाळी बसली.

"हे क्रियापद कुठून आणलंस?"

"बायकोने दिलं, साहेब."

"तिची श्रेणी?"

"ती... बायकोच आहे, साहेब."

निष्कर्ष असा निघाला की, घरगुती वापरासाठी मिळालेलं क्रियापद कर्मचाऱ्याने कामाच्या ठिकाणी वापरलं. निकाल रद्द झाला, परीक्षाही झालेली नाही असं ठरलं, आणि तिकडच्या जागेवर 'मेकॅनिक पाठवावा लागेल' असा शेरा मारून फाइल बंद झाली.

मेकॅनिकने रीतसर राजीनामा लिहिला, 'मी नोकरीचा राजीनामा देऊ इच्छितो.' तो तासाभरात परत आला. 'इच्छितो' हे श्रेणी एकचं क्रियापद आहे. श्रेणी चारला इच्छा नसल्याने राजीनामा देता येत नाही.

त्याने कागद खिशात घातला, हत्यारांची पेटी सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली आणि स्वतःच तिकीट काढून गेला. इस्पितळाने त्याला थेट ठेवून घेतलं. बायको फोटो पाठवते, त्यात दोघं एकाच ताटात जेवताना दिसतात. आमच्या हजेरीपटानुसार तो मोटर-रूममध्ये आहे. त्याची उपस्थिती शंभर टक्के असून यंदाच्या आदर्श कर्मचारी पुरस्कारासाठी त्याच्या नावाची शिफारस झाली आहे (गेल्यापासून त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही).

सबब, वाचकांना नम्र विनंती की, आपण आपल्या साहेबांसमोर 'मला हे हवं आहे' हे वाक्य, आधी 'सॉरी' किंवा नंतर 'जमलं तर' न जोडता, शेवटचं कधी उच्चारलंत, ते दिनांक, वेळ आणि साहेबांच्या सहीसह सात दिवसांच्या आत लेखी कळवावे. सहीविना आलेल्या पत्रांचा विचार केला जाणार नाही.