मनूचा बसमधला बाबा

लालबागहून गिरगावला टॅक्सीने जायचं की बसने, हा प्रश्न तसा संसार ढवळून निघावा इतका मोठा नव्हता. पण मी बस म्हटलं आणि तिथेच माझं चुकलं.

त्याचं असं झालं. वल्लरीच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. ती सकाळीच माहेरी गेली आणि आमच्या दोन वर्षांच्या मनूला दुपारी घेऊन यायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. टॅक्सीच करा, आणि काही झालं तरी तिला वाटेत झोपवा, असं वल्लरी दहादा बजावून गेली. झोप न झालेली मनू म्हणजे पाळण्यातल्या बाळाला बाहेर काढून स्वतः आत बसणारी बाई. मी म्हटलं, बसने नेतो, माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली आणून तुझ्या हातात ठेवतो, बघच तू. वल्लरी नुसती हसली. (लग्नाला सात वर्षं झाली आहेत. ते हसू मी ओळखतो.)

आता बस कशाला, तर मनूला बस आवडते आणि मी आवडत नाही. गंमत नाही करत. ती दूधवाल्याकडे जाते, वॉचमनकडे जाते, लिफ्टमध्ये भेटलेल्या कुणाकडेही झेपावते. मी हात पुढे केले की पंख्याकडे बघते. निदान बस दाखवणारा माणूस म्हणून तरी खात्यावर चार मार्क पडतील, असा माझा हिशेब होता.

त्यात आणखी एक भानगड आहे. वल्लरी मला चारचौघांत 'अहो' म्हणते (घरात काय म्हणते ते जाऊ द्या), म्हणून मनूही मला 'अहो' म्हणते. आणि 'बाबा' कोण, तर माझे सासरे कमलाकांत, कारण वल्लरी त्यांना बाबा म्हणते. सासऱ्यांना चांगली भरघोस दाढी आहे. तेव्हा मनूच्या मते दाढी असेल तो बाबा. मी कितीदा तरी छातीवर हात ठेवून तिला सांगितलं, मी बाबा. प्रत्येक वेळी ती माझी हनुवटी चाचपून बघते आणि मान हलवते. मी महिनाभर दाढी वाढवूनही पाहिली. ती कानांखाली उगवली, हनुवटीपर्यंत आलीच नाही.

बस आली, पण बसायला जागा नव्हती. एका काखेत मनू, दुसऱ्या खांद्यावर डायपरची बॅग, गळ्यात गुलाबी वॉटरबॅग, अशा थाटात मी दांड्याला लोंबकळलो. आपल्याकडे बसमध्ये एक चांगली रीत आहे. उभ्या माणसाचं ओझं बसलेला माणूस मांडीवर घेतो, मग ती पिशवी असो नाहीतर पोर. त्या रीतीप्रमाणे खिडकीतला एक मुलगा म्हणाला, "काका, द्या तिला इकडे."

काका! मी अडतीसचा आहे हो. पण ते सोडा. मी वाकून त्याच्याकडे बघितलं. पांढरा झब्बा, डोक्याला भगवा फेटा आणि काळीभोर, तेल लावून विंचरलेली दाढी. ढोलपथकातला होता, गिरगावात प्रॅक्टिसला चालला होता, नाव विनीत. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. मनूला काहीच सांगावं लागलं नाही. ती त्याच्या मांडीवर बसली, दाढीला हात लावला आणि समाधानाने म्हणाली, "बाबा."

मग तिने तोंडातलं अर्धं चघळलेलं बिस्किट काढून त्याच्या ओठांवर टेकवलं. आमच्या घरात हा सर्वोच्च सन्मान आहे. तो वल्लरीला मिळालाय, शेजारच्यांच्या मांजराला मिळालाय. मला अजून मिळायचाय. त्या मुलाने ते बिस्किट खाल्लंसुद्धा. मी जळलो. उगाच कशाला खोटं बोलू, नखशिखांत जळलो.

नंतर त्याने समोरच्या सीटवर दोन बोटांनी हलकासा ठेका धरला. मी रोज रात्री घसा सुकेपर्यंत अंगाई म्हणतो, तर ही पोर माझ्या तोंडावर हात दाबून धरते. आणि इथे ढोलाच्या ठेक्यावर, जे ऐकून म्हातारी माणसंसुद्धा नाचायला उठतात त्याच्यावर, ती भायखळा यायच्या आत झोपली.

भायखळ्याला मासळीची पिशवी घेऊन एक मावशी चढल्या आणि त्याच्या शेजारी रिकाम्या झालेल्या जागेवर, माझ्याआधी, बसल्या. दोघांकडे कौतुकाने बघत त्या त्याला म्हणाल्या, पोरी बापाकडेच अशा निवांत झोपतात हो. इथे माझा तोल गेला. खरं म्हणजे मनू झोपली होती, काम फत्ते झालं होतं, गप्प उभं राहायचं. पण मला ती माझ्या खांद्यावर झोपायला हवी होती. मी म्हटलं, द्या तिला माझ्याकडे. तो बिचारा म्हणाला, उठेल काका. मी म्हटलं, उठू दे, आणि उचललं.

मनूने डोळे उघडले, मला बघितलं आणि अख्खी बस दचकेल असा टाहो फोडला. "अहो नको! बाबा! बाबा पायजे!" दोन्ही हात त्याच्याकडे.

मावशींनी माझं मनगट धरलं. पोर कुणाची म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी. विनीतनेही इमानदारीत सांगितलं की माझी नाही हो, ह्यांनी दिली.

"ह्यांनी दिली," मावशी म्हणाल्या, "पण ह्यांची कशावरून? बापाला कुठली पोर अहो म्हणते?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सासऱ्यांच्या दाढीपासून सुरू होत होतं आणि ऐकायला कुणी थांबलं नाही. कंडक्टर आला. मी मोबाईल काढून मनूचे फोटो दाखवायला लागलो. हजार तरी असतील, आणि एकातही मी नाही, कारण सगळे मीच काढलेले. त्यातून अर्धे पाठमोरे, कारण मला बघितलं की ती तोंड फिरवते. कुणीतरी मागून म्हणालं, हा तर पोरीच्या मागावरच दिसतोय. शेवटी मी वल्लरीला व्हिडिओ कॉल लावला.

तोवर मनू त्याच्या मांडीवर परत जाऊन झोपलीही होती. वल्लरीने स्क्रीनवर आधी ते बघितलं. मावशींनी विचारलं की हे गृहस्थ तुमचे का. वल्लरी म्हणाली, हो, आमचेच, बॅग आहे ना त्यांच्याकडे? मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. (हा आवाज माझ्याशी बोलताना शेवटचा साखरपुड्यात लागला होता.) ती विनीतला म्हणाली, "दादा, तिला उठवू नका हं. जरा घरापर्यंत आणून सोडाल का?"

अशी आमची वरात निघाली. पुढे दाढीच्या खांद्यावर गाढ झोपलेली मनू, मागे गुलाबी वॉटरबॅग घालून मी. सासूबाईंनी त्याला खुर्ची दिली, सरबत दिलं. सासऱ्यांनी त्याच्याकडे पथकाची सगळी चौकशी केली. मला कुणीतरी विचारलं, बॅगेत डायपर किती उरलेत.

तासाभराने मनू उठली. विनीतने तिच्या गालाला बोट लावलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेला. मनू दाराकडे बघत राहिली. आता रडणार म्हणून सगळे श्वास रोखून उभे. वल्लरीने हात पुढे केले. मनूने तिला बाजूला सारलं. सासऱ्यांनी हात पुढे केले. त्यांनाही सारलं. आणि खोलीभर नजर फिरवून ती तुरुतुरु चालत माझ्यापाशी आली आणि दोन्ही हात वर केले.

मी उचललं. तिने माझ्या गळ्याला मिठी मारली, घट्ट, दोन्ही हातांनी. वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं विचारू नका, मला समोरचं दिसेनासं झालं. दोन वर्षं वाट बघितली होती हो ह्याची.

मग मनूने दाराकडे बोट दाखवलं.

"अहो, चल," ती म्हणाली. "बाबा गेला. पळ."

मी पळालो.