भगवानकाकांचा पंप

आमच्या वाइनरीत पंपाला आंघोळ घातल्याशिवाय भगवानकाका जेवायला बसत नसत. डबा उघडलेला, भाकरी वाळत चाललेली, आणि काका पंपाचं झाकण काढून आत बोट फिरवताहेत.

"काका, आधी जेवून घ्या," म्हटलं की म्हणायचे, "हिचं तोंड अजून आंबूस हाय गं. मला घास उतरंल का?"

पंप त्यांच्या लेखी 'ती' होता.

खालापूरच्या बाजूला जांभळाची आणि करवंदाची वाइन करणारी आमची छोटी वाइनरी. मी तिथल्या प्रयोगशाळेत. काका रसायनीच्या एका कारखान्यात जन्मभर पंप चालवून निवृत्त झालेले, मोहोपाड्यात एकटे राहणारे. टाकीत गाळ खाली बसला की वरची वाइन दुसऱ्या टाकीत न्यायची, ते काम करणारा पंप त्यांच्या ताब्यात. गळ्यात तुळशीची माळ. वाइनचा थेंब जिभेला लावला नाही कधी, पण धुतलेल्या पाइपला नाक लावून म्हणायचे, "हाय अजून आत. लपून बसलीय."

मग पुन्हा पहिल्यापासून. साधं पाणी, कोमट पाण्यातला सोडा, परत पाणी, लिंबूसत्त्वाचं पाणी, शेवटी पुन्हा साधं. त्यानंतर आतलं रबरी चाक काढून त्याची पाती पुसायची आणि ते धुतलेल्या पंच्यावर वाळत ठेवायचं. त्या पंच्याच्या आसपास कुणी चपला घालून फिरकलं तर काकांचा आवाज थेट फाटकापर्यंत जायचा.

शनिवार-रविवारी मुंबईहून माणसं वाइन चाखायला येत. मालक कौतुकानं टाक्या दाखवत असताना काका मधेच पुढे व्हायचे. "वाइन मागनं प्या. आदी ही बगा." एकदा त्यांनी ते रबरी चाक एका बाईंच्या हातात दिलं. बाईंनी तोवर चार ग्लास हुंगले होते. त्यांनी सवयीनं चाकही हुंगलं.

"काय वास येतो?" काका.

"काहीच नाही."

"बगा!" काका मालकांकडे वळून म्हणाले. त्या दिवशी ते दिवसभर खुशीत होते.

त्यांना धाक एकाच गोष्टीचा, पंप कोरडा चालता कामा नये. "वाइन संपली की लगेच बंद. नायतर ती जळंल." पंप चालू असताना ते चहालासुद्धा हलत नसत.

आणि यंदा पंप त्यांच्याच हातून जळला.

दुपारी मी काचेच्या नळ्या धूत होते, तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला. धावत गेले. टाकी रिकामी, पंप कोरडाच घरघरतोय, पाइप हिसके देतोय आणि काका जागेवर नाहीत. मी बटण बंद केलं. मालकही आले. बाहेर फाटकाजवळ काजूच्या झाडाखाली, जिथे मोबाइलला जरा रेंज येते, तिथे काका पाठमोरे उभे होते. फोन कानाला घट्ट लावलेला.

"काका! पंप जळला!" मालक ओरडले.

काकांनी मागे न बघता नुसता हात वर केला. थांबा म्हणून.

बऱ्याच वेळानं ते आत आले. पंप उघडला. चाकाच्या पात्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. "माजी चूक हाय," एवढंच म्हणाले. वाइन वाचली होती, पण त्यानंतरची टाकी उपसायची राहिली. मालक म्हणाले, "काका, तुम्ही? दुसऱ्या कुणाचं मी समजू शकलो असतो." आणि नवीन चाक मागवायला ऑफिसात गेले.

मी काकांच्या शेजारी बसले. "कुणाचा फोन होता?"

"सुरेखाचा."

सुरेखा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन इंदूरला गेलेली. तिचा फोन सणासुदीला आला तर यायचा.

"बरी आहे ना? काय म्हणाली?"

"काय नाय. चुकून लागला व्हता. तिला ठाऊकच नाय."

मला कळेना. "मग एवढा वेळ काय करत होतात?"

काका पंपातून रबराचे काळे तुकडे वेचत राहिले.

"कुकर लावला व्हता तिनं. शिट्या येत व्हत्या. नात कशाला तरी हटून बसली व्हती, तर तिला रागं भरत व्हती. पार तिच्या आयसारखी. मंग भांडी लावता लावता कायतरी गुणगुणत व्हती."

"अहो काका, मग हाक तरी मारायची!"

"मारली असती तर बंद केला असता ना गं तिनं."